तिसरी टक

परतवाड्याच्या बाहेर, लाकूड डेपोच्या पलीकडे माझं शेड.
वर पत्रा, खाली ऑइल प्यायलेली माती.
होळीच्या आठ दिवस आधी दारसिंबे आला,
सेमाडोह-हतरू करून करून दमलेली जीप घेऊन.
म्हणाला, "क्लच काढून टाका भाऊ.
हा पाय आता दाबत नाई."
उतरताना त्यानं पँट धरून डावा पाय उचलला,
पोतं उचलावं तसा.
मागच्या साली सागाचा ओंडका घसरला होता गुडघ्यावर.

मी म्हटलं, विकून टाक हिला,
ऑटोमॅटिक गाड्या पायजे तेवढ्या मिळतात शोरूममध्ये.
"त्या रोडच्या गाड्या हायेत," तो म्हणाला.
"माह्या गावाले रोड यायचाच हाय अजून."

मग आठ दिवस नुसतं निवडणं.
नागपूरच्या भंगारात सहा गिअरचा एक होता, देखणा,
पण त्याला स्वतःचा कॉम्प्युटर, कॉम्प्युटरला चाळीस वायरी,
आणि सिपनाच्या पाण्यात त्यातली एक जरी शिंकली
तर रात्रभर बसा वाघाच्या हद्दीत, काचा वर करून.
जीपला काचाच नाहीत.
मी घेतला जुना, चार गिअरचा, लोखंडी स्वभावाचा,
तेलाच्या दाबावर विचार करणारा.
एक केबल ॲक्सिलरेटरला जोडली की पुढचं त्याचं तो बघतो.
अठ्ठावीस हजार. तेही दोन चहा पाजून.

इंजिनाची आणि त्याची ओळख नव्हती.
एकाही बोल्टचं भोक जुळेना.
मधली प्लेट अमरावतीला लेथवर करून आणली,
पाव मिलिमीटर चुकली, परत गेलो.
एसटीत मांडीवर ती प्लेट. शेजारची बाई विचारते,
"तवा होय का जी?"
मी म्हटलं, "होय."
"लयच जाड हाय."

टॉर्क कन्व्हर्टर बसवताना मात्र घाई चालत नाही.
फिरवत फिरवत आत सारायचा, कान लावून.
एक टक. मग दुसरी.
तिसरी ऐकू यायच्या आत बोल्ट आवळले
तर पंपाचा भुगा.
फैजान, माझा पोट्टा, म्हणाला, "बसला उस्ताद."
"दोनच मोजल्या मी. कूलर बंद कर."
बेचाळीस डिग्रीत, पंख्याशिवाय, अर्धा तास.
मग ती आली,
एवढीशी, अडकित्त्यात सुपारी फुटावी तशी.

फ्लोअर कापला. मागचा शाफ्ट तोडला, पुढचा वाढवला.
तेल गार राहावं म्हणून रेडिएटरपुढे वेगळी जाळी.
आणि आधी सांगायला हवं होतं ते शेवटी सांगितलं:
"हे आता ढकलून चालू होणार नाही."

दारसिंबे गप्प.
त्याच्या गावात पहाटे सात-आठ जण लागतात जीपमागे,
कोणी दातून चावत, कोणी पोर कडेवर घेऊन,
एक म्हातारा तर फक्त ओरडायला.
"मंग ते लोकं सकाळी काय करतीन?"
मी दुसरी बॅटरी लावली.
दुसरं काय लावणार होतो?

बिच्छनच्या कोरड्या पात्रात ट्रायल.
डी मध्ये टाकली, ब्रेक सोडला,
ॲक्सिलरेटरला पाय न लावता जीप सरकली,
आणि दारसिंबेनं दचकून मागे पाहिलं:
"कोनं ढकललं?"

मागे नुसते गोटे, आणि उन्हात एक म्हैस.

गोट्यांवर चढली. वाळूत रुतली नाही.
उतारावर मी ओरडलो, "एल मध्ये घे, एल मध्ये,
घाटात ब्रेकच्या भरवशावर राहू नको!"
दर वळणाला त्याचा डावा पाय थोडा उचलायचा,
पेडलच्या जागी आता वेल्डिंगचा चौकोन,
त्यावर टेकायचा, आणि परत यायचा.

रात्री गाडीखाली पुठ्ठा अंथरला.
सकाळी त्यावर लाल थेंब. दोन.
पुढचा सील.
म्हणजे सगळं परत खाली.
दारसिंबेनं वाकून एका थेंबाला बोट लावलं, वास घेतला,
काही बोलला नाही, स्टूल ओढून बसला.
मी जॅक सरकवला.
"फैजान," म्हटलं, "कूलर बंद कर."